बढतीची तारीख मागे न्यायची असेल तर: अमेरिकी आर्मीच्या रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डाचं परीक्षण

सेवा: आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स (पुढे नुसतं 'बोर्ड')
ठिकाण: आर्लिंग्टन, व्हर्जिनिया. अर्ज ऑनलाइन किंवा टपालाने
फी: नाही
वेळ: कायद्यानुसार बहुतेक अर्ज १० महिन्यांत, उरलेले १८ महिन्यांच्या आत
गुण: ५ पैकी ३

अमेरिकी आर्मी रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्ड (राज्यांचं सैन्यदल) या अर्धवेळ दलांमधल्या अधिकाऱ्याची बढती उशिरा नोंदली गेली, की युनिटातला जो तो एकच सल्ला देतो: बोर्डाकडे अर्ज टाक. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. हे बोर्ड चूक दुरुस्त करतं किंवा अन्याय दूर करतं. फाइल कुठेतरी रेंगाळली, एवढ्यावर ते सहसा तारीख हलवत नाही. हा फरक न ओळखता केलेले अर्ज वर्षभर रांगेत थांबतात आणि नकार घेऊन परत येतात. कागद पक्के असतील तर आम्ही या सेवेला चार गुण देऊ. हातात नुसतीच नाराजी असेल तर एकसुद्धा जास्त.

ही सोय आली १९४६ च्या कायद्यातून. त्याआधी लष्करी नोंदीतली चूक दुरुस्त करायची तर संसदेत त्या एका माणसासाठी खासगी विधेयक आणावं लागायचं. ते ओझं उतरवायला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, हे काम लष्करी खात्यांच्या सचिवांकडे दिलं. आज त्याचा आधार टायटल १० (अमेरिकी कायदेसंहितेचा सैन्यदलांविषयीचा भाग) मधलं कलम १५५२. सचिव नागरी कर्मचाऱ्यांच्या मंडळामार्फत कुठलीही लष्करी नोंद बदलू शकतो. अधिकार एवढा मोठा आहे, म्हणूनच बोर्ड तो हात राखून वापरतं. नेव्ही आणि मरीन कोअरचं मंडळ वेगळं, एअर फोर्स आणि स्पेस फोर्सचं वेगळं, कोस्ट गार्डचं वेगळं. फॉर्म मात्र सगळीकडे डीडी फॉर्म १४९ हाच.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत मानीव दिनांकासाठी (बढती आधीपासूनच मिळाली असं धरण्याच्या तारखेसाठी) ज्यांनी फायली फिरवल्या आहेत, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. अमेरिकेतल्या मराठी घरांशी या विषयाचा संबंध येतो तो मुख्यतः डॉक्टरांमुळे. वैद्यकीय कोअरमध्ये रिझर्व्ह अधिकारी म्हणून दाखल होणारे भारतीय वंशाचे डॉक्टर आहेत. २००९ पासून काही वर्षं चाललेल्या मॅव्हनी योजनेत तर ग्रीन कार्ड नसलेल्या आरोग्य व्यावसायिकांनाही दार उघडं होतं. या मंडळींच्या तारखांमध्ये घोळ होण्याची जागा जरा वेगळी असते, तिच्याकडे पुढे येऊ.

कुठली तारीख?

अर्ज फसण्याचं पहिलं कारण इथेच सापडतं. 'माझी बढतीची तारीख बदला' असं मोघम लिहून चालत नाही, कारण तारखा निदान तीन असतात. डेट ऑफ रँक ज्येष्ठता ठरवते. पुढच्या निवड मंडळाच्या टप्प्यात तुम्ही कधी येणार, ते तिच्यावर अवलंबून. इफेक्टिव्ह डेट पगार ठरवते. तिसरी प्रमोशन एलिजिबिलिटी डेट: किमान किंवा कमाल सेवा पूर्ण करून तुम्ही बढतीला पात्र होता तो दिवस. पात्र झालात म्हणजे बढती झाली असं नाही. कितीतरी अर्जदार ही तिसरी तारीख दाखवून पहिल्या दोन मागतात, आणि बोर्ड शांतपणे सांगतं की पात्रता म्हणजे नेमणूक नव्हे.

रिझर्व्हमध्ये कमाल मुदतीचं गणित महत्त्वाचं. कॅप्टन आणि मेजर या हुद्द्यांवर ७ वर्षं, फर्स्ट लेफ्टनंटला ५. ही मुदत संपायच्या आत बढती लागू होऊ शकेल इतक्या आधी अधिकाऱ्याचं नाव अनिवार्य निवड मंडळापुढे गेलं पाहिजे, असं टायटल १० चं कलम १४३०४ सांगतं. समजा, कॅप्टनचा हुद्दा १० मार्च २०१६ चा आहे आणि संगणकात २०१७ पडलं. ७ वर्षं २०२३ च्या मार्चमध्ये भरायची, ती एक वर्ष पुढे गेली. नाव चुकीच्या वर्षाच्या मंडळापुढे गेलं, मेजरची तारीख सरकली आणि तिच्या मागोमाग लेफ्टनंट कर्नलचीसुद्धा. अशा प्रकरणात मागणी मेजरपासून सुरू करू नये. कॅप्टनच्या तारखेपासून करावी, आणि पुढचं सगळं त्याच अर्जात क्रमाने मागावं.

बोर्डाच्या आधीची दारं

आधीचे सगळे प्रशासकीय मार्ग संपल्याशिवाय बोर्ड अर्ज ऐकत नाही, हे त्याच्या नियमावलीतच आहे (आर्मी रेग्युलेशन १५-१८५). इथे अनेकांचे महिने फुकट जातात. नुसती टायपिंगची चूक असेल, आदेशात एक तारीख आणि संगणकात दुसरी असेल, तर फोर्ट नॉक्समधल्या ह्यूमन रिसोर्सेस कमांडची पदोन्नती शाखा ती दुरुस्त करू शकते. मूळ आदेश, डीए फॉर्म ४१८७ (कार्मिक कारवाईच्या विनंतीचा फॉर्म) आणि युनिटचं पत्र पुरतं. तिथून लेखी नकार आला, तर तो नकारच बोर्डाकडच्या अर्जाचा पहिला पुरावा होतो. तोंडी 'नाही' काही कामाचं नाही, ईमेल तरी मागून घ्यावी.

दुसरं दार स्पेशल सिलेक्शन बोर्डाचं. प्रशासकीय चुकीमुळे नाव मंडळापुढे गेलंच नसेल, किंवा गेलं पण फाइलमध्ये मोठी चूक असेल, तर कलम १४५०२ नुसार विशेष मंडळ बसवता येतं. त्याने निवड केली की मूळ मंडळाने निवडलं असतं तर जी डेट ऑफ रँक, जी पगाराची तारीख आणि ज्येष्ठता यादीत जी जागा मिळाली असती, तीच मिळते. तारीख मागे नेण्याचा हा सर्वांत स्वच्छ रस्ता आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्याचीच माहिती सर्वांत कमी लोकांना असते. रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डसुद्धा गुणवत्तेचा प्रश्न आला की स्वतः बढती न देता प्रकरण याच मंडळाकडे पाठवणं पसंत करतं. एक अडचण मात्र आहे. मंडळ बसण्याआधी फाइल तपासून चूक दाखवणं अधिकाऱ्याला शक्य होतं, आणि त्याने ते केलं नाही, असं दिसलं तर विशेष मंडळ नाकारलं जातं. त्यामुळे मंडळाच्या आधी पाठवलेली प्रत्येक ईमेल, आयपर्म्स या आर्मीच्या संगणकीय नोंदप्रणालीतल्या फाइलवर घेतलेली प्रत्येक हरकत जपून ठेवावी.

कुठली प्रकरणं टिकतात

नोंदीतली चूक आणि तिचा कागद हातात असेल तर बोर्ड चांगलं काम करतं. निवड मंजूर झाली, सगळ्या अटी पूर्ण होत्या, आणि आदेश निघाला तेव्हा कुणीतरी चुकीची तारीख धरली, हे लक्षात घेऊन ते दुरुस्ती देतं. 'सगळ्या अटी' म्हणजे काय ते इथे पाहून घ्यावं: हुद्द्याला लागणारं लष्करी शिक्षण, वैध सुरक्षा मंजुरी, वैद्यकीय तपासणी, उंची-वजनाचा निकष, आणि नावावर फ्लॅग (बढती रोखणारी प्रशासकीय नोंद) नसणं. यातली एक अट जरी मागितलेल्या तारखेला अपुरी असली तरी मागणी कोसळते. कोर्स पूर्ण झाल्याचा डीए फॉर्म १०५९ हा कागद इथे सोन्याच्या मोलाचा. त्यावरची पूर्णत्वाची तारीख मागितलेल्या तारखेच्या नंतरची निघाली, तर अर्ज पाठवूच नये. निदान मागणीची तारीख तरी बदलावी.

डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका यांची गोष्ट पहिल्या नेमणुकीपासून सुरू होते. कलम १२२०७ नुसार त्यांना शिक्षण आणि अनुभवाबद्दल सेवेचं श्रेय मिळतं: वैद्यकीय पदवी, इंटर्नशिप, रेसिडेन्सी. त्या श्रेयावर सुरुवातीचा हुद्दा आणि डेट ऑफ रँक ठरते. एकच काळ दोनदा मोजता येत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. रेसिडेन्सीचं एखादं वर्ष गाळलं जातं, किंवा आधीची लष्करी सेवा आणि शिक्षण एकाच काळातलं असेल तर दोन्ही कापलं जातं. भारतातून एमबीबीएस करून आलेल्याच्या बाबतीत पदवीची तारीख, इंटर्नशिपचा कालावधी आणि अमेरिकेतली रेसिडेन्सी हे तीन कागद जुळले पाहिजेत. महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रावर इंटर्नशिप सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख स्पष्ट नसेल, तर अर्जाआधी ते पत्र मागवून घ्यावं, कारण श्रेय मोजणारा माणूस रिकाम्या जागी शून्य धरतो. अर्जासोबत स्वतः केलेला तक्ता जोडावा: कुठून कुठपर्यंत, काय, किती श्रेय धरलं, किती धरायला हवं होतं, आणि कोणत्या कागदावरून. तपासणारा कारकून तोच तक्ता पुढे वापरतो.

नॅशनल गार्ड हा सर्वांत चिघळलेला भाग, म्हणून इथे जरा थांबतो. गार्डच्या अधिकाऱ्याची बढती दोन पायऱ्यांनी होते. राज्य आदेश काढतं. मग फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, मान्यतेसाठी प्रकरण नॅशनल गार्ड ब्यूरोकडे जातं, आणि अधिकाऱ्याचं नाव यादीतून, म्हणजे त्यांच्या भाषेत स्क्रोलमधून, संरक्षण खात्याच्या वरच्या टेबलापर्यंत पोचतं. लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या रिझर्व्ह नेमणुका राष्ट्राध्यक्षांच्या नावे होतात आणि कर्नलपासून वर सिनेटची संमती लागते. राज्याचा आदेश जानेवारीचा आणि फेडरल मान्यता ऑक्टोबरची, असं सर्रास होतं. मधल्या काळात अधिकारी मेजरच्या जागेवर बसतो, मेजरचं काम करतो, पगार मात्र कॅप्टनचा घेतो. कायद्याने त्याची बढती लागू होते फेडरल मान्यता मिळेल त्या दिवशी.

या उशिरावर अर्ज करणाऱ्यांना बोर्डाने वर्षानुवर्षं ठरावीक उत्तर दिलं: प्रक्रिया लांबली ही चूक नव्हे, अन्यायही नव्हे, सगळ्यांचंच तसं होतं. वॉरंट ऑफिसरांच्या नेमणुका २०११ च्या संरक्षण कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या कक्षेत नेल्या, तेव्हा त्यांच्या बढत्याही अशाच अडकल्या आणि त्यांनाही हेच ऐकावं लागलं. आमच्या मते हे उत्तर कायद्याला धरून होतं आणि तरीही खुजं होतं, कारण अन्याय दूर करण्याचा अधिकार कलम १५५२ ने बोर्डाला वेगळा दिलेलाच आहे. पुढे काँग्रेसनेच कलम १४३०८ बदललं. राज्याकडून पूर्ण भरलेलं प्रकरण ब्यूरोकडे तपासणीसाठी तयार झाल्यापासून १०० दिवसांहून जास्त उशीर झाला, आणि त्यात अधिकाऱ्याचा हात नसेल, तर तारीख आता मागे नेता येते. म्हणून गार्डच्या अर्जात सर्वांत मोलाचा आकडा असतो तो प्रकरण 'पूर्ण' ठरल्याच्या दिवसाचा. राज्याच्या आदेशाचा दिवस त्याच्यापुढे दुय्यम. तो दिवस ब्यूरोकडून किंवा राज्याच्या अधिकारी-कार्मिक शाखेकडून लेखी घ्यावा. एनजीबी फॉर्म ८९ (फेडरल मान्यतेच्या तपासणी मंडळाचा कागद), शपथेचा फॉर्म ३३७, राज्याचा आदेश आणि ब्यूरोचा विशेष आदेश, हे चारही कागद तारखांच्या क्रमाने लावले की १०० दिवसांचा हिशेब पहिल्याच पानावर दिसतो. प्रकरण अपुरं म्हणून एकदा परत आलं असेल, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जाण्याची तयारी ठेवावी. आणि कागद कुणी अपुरा ठेवला, युनिटच्या कारकुनाने की अधिकाऱ्याने, हे पुराव्याने दाखवावं.

एक प्रकरण असं, की ज्यात जवळपास हमखास हार ठरलेली. निवड झाली, पण युनिटात वरच्या हुद्द्याची जागा नव्हती, म्हणून अधिकाऱ्याने स्वतःच बढती पुढे ढकलण्याचं पत्र दिलं. कायदा तीन वर्षांपर्यंत अशी मुभा देतो. जागा मिळाल्यावर मागची तारीख मागायला गेलं, की बोर्ड ते सहीचं पत्र काढून दाखवतं. कुणी दबावाखाली किंवा चुकीचं सांगून ते पत्र घेतलं असेल, तर तसं सांगणारा त्या काळातला कागद हवा. नंतर मित्रांनी लिहून दिलेली निवेदनं इथे फार वजन टाकत नाहीत.

अर्ज भरताना

डीडी फॉर्म १४९ दिसायला साधा आहे, आणि तोच त्याचा सापळा. 'कोणती दुरुस्ती हवी' या रकान्यात कहाणी नको, आदेश लिहिल्यासारखी मागणी हवी. उदाहरणार्थ: मेजर पदावरची डेट ऑफ रँक आणि इफेक्टिव्ह डेट दोन्ही १२ ऑगस्ट २०२२ ऐवजी ३ मार्च २०२२ कराव्यात, त्या काळातला वेतनातला फरक द्यावा, दुरुस्त तारखेनुसार मी ज्या निवड मंडळाच्या टप्प्यात बसत होतो त्यासाठी स्पेशल सिलेक्शन बोर्ड नेमावं. तिसरा भाग लोक हमखास विसरतात. तारीख मागे गेली, पण मधे होऊन गेलेल्या मंडळापुढे नाव गेलंच नाही, तर निम्मा फायदा वाया जातो आणि त्यासाठी नवा अर्ज करून पुन्हा वर्षभर थांबावं लागतं.

'चूक की अन्याय' या रकान्यात दोन्ही वेगळे मांडावेत. चूक म्हणजे नियम क्रमांक अमुक, त्यानुसार अमुक व्हायला हवं होतं, झालं तमुक. अन्याय म्हणजे नियम मोडला नसेलही, पण परिणाम इतरांच्या तुलनेत विषम झाला. त्याच मंडळाने निवडलेल्या इतरांना कोणत्या तारखा मिळाल्या हे आदेशांवरून दाखवता आलं, तर दुसरा मुद्दा उभा राहतो. रागाची विशेषणं पूर्ण गाळावीत. वरिष्ठांवर ताशेरे असलेला अर्ज वाचणाऱ्याचं लक्ष तारखांवरून उडतं.

मुदत तीन वर्षांची: चूक कळली तेव्हापासून, घडली तेव्हापासून नव्हे. उशीर झाला तरी न्यायाच्या हितासाठी बोर्ड तो माफ करू शकतं. पण फॉर्मवर कारण विचारलं जातं, तिथे 'माहीत नव्हतं' एवढंच लिहून सोडू नये. कधी, कोणत्या कागदावरून कळलं ते लिहावं. चूक ध्यानात आल्यावर प्रशासकीय मार्गांवर किती काळ गेला, तेही तारखांसह मांडावं.

कागद मूळ नकोत, प्रती हव्यात. प्रत्येक प्रतीवर क्रमांक, आणि निवेदनातल्या प्रत्येक वाक्याशेवटी त्या क्रमांकाचा उल्लेख. बोर्ड स्वतः तपास करणारी संस्था नाही. ते समोर ठेवलेलं वाचतं, नोंदी नियमाप्रमाणे झाल्या आहेत असं गृहीत धरतं, आणि ते गृहीतक मोडण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतं. पुराव्याचं पारडं अर्ध्याच्या वर झुकलं पाहिजे, एवढंच, पण ते झुकवायचं तुम्हीच. सुनावणी मागता येते, मात्र ती हक्काची नाही. बहुतेक प्रकरणं कागदावरच निघतात. फॉर्मवरची सही गंभीरपणे घ्यावी, खोटं विधान फेडरल गुन्हा ठरतं.

वकील घेता येतो, तोही स्वतःच्या खर्चाने. साध्या तारखेच्या चुकीला वकिलाची गरज नसते. जॅग कोअरचं (आर्मीच्या विधी शाखेचं) कायदेशीर मदत केंद्र निवेदन वाचून देतं का, ते आधी विचारावं. गार्डच्या गुंतागुंतीच्या प्रकरणात, किंवा पुढे न्यायालयात जायचा बेत असेल तर, वकील पहिल्या दिवसापासून असलेला बरा. न्यायालय बोर्डापुढचाच कागद वाचतं, नंतर सुचलेले मुद्दे तिथे घालता येत नाहीत. खासदारामार्फत चौकशी करता येते. तिच्याने फाइल कुठे आहे ते कळतं, निकाल बदलत नाही.

आत काय चालतं

अर्ज पोचला की बोर्ड अनेकदा संबंधित शाखेचं मत मागवतं: रिझर्व्हचं असेल तर ह्यूमन रिसोर्सेस कमांडकडून, गार्डचं असेल तर नॅशनल गार्ड ब्यूरोकडून. हे सल्लागार मत अर्जदाराला दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे (कलम १५५६), आणि उत्तर द्यायला थोडीच मुदत मिळते. संपूर्ण प्रक्रियेतला हाच एक क्षण आहे, जेव्हा समोरची बाजू काय म्हणते ते कळतं. प्रतिकूल मत आलं म्हणून गप्प बसणारे अर्जदार पाहिले की हळहळ वाटते. निकालपत्रात मग एक वाक्य उमटतं: अर्जदाराने उत्तर दिलं नाही. मतातल्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यावं, आणि ज्या तारखेवर मतभेद आहे तिचा कागद पुन्हा जोडावा. अर्जानंतर पत्ता किंवा ईमेल बदलली असेल तर बोर्डाला लगेच कळवावं, नाहीतर मत जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं.

निर्णय तीन सदस्य देतात, सगळे आर्मीचे नागरी कर्मचारी. निकाल पूर्ण मंजूर, अंशतः मंजूर किंवा नामंजूर. अंशतः मंजुरीत अनेकदा डेट ऑफ रँक बदलते आणि पगाराची तारीख तशीच राहते. नाव-पत्ते काढून टाकलेले जुने निकाल खुले आहेत, आणि या सेवेची आम्हाला सर्वांत आवडलेली बाजू तीच. अर्ज लिहिण्याआधी आपल्यासारखी दहा-बारा प्रकरणं वाचली, तर कोणता पुरावा नसल्याने कोण हरलं हे समजतं. त्यातली चर्चा आणि निष्कर्ष हा शेवटचा भाग आधी वाचावा.

वेळेबाबत कायदा म्हणतो: ९० टक्क्यांहून जास्त अर्ज १० महिन्यांत निघावेत, आणि कुठलाही अर्ज १८ महिन्यांपलीकडे जाऊ नये. तेवढ्या काळात रिझर्व्ह अधिकारी पुढच्या निवड मंडळाच्या टप्प्यात येऊन जातो, म्हणून वेगाबद्दल आम्ही गुण कापले. तातडी खरीच असेल, उदाहरणार्थ निवृत्तीची तारीख जवळ आली असेल, तर अर्जाच्या पहिल्या पानावर तसं तारखेसह लिहावं.

नामंजूर झालं तर फेरविचार मागता येतो, कधीही, पण आधी न दाखवलेला नवा कागद असेल तरच. जुन्याच कागदांवर नव्या शब्दांत वाद घातला तर अर्ज परत येतो. त्यापुढचं दार न्यायालयाचं. पैशाचा दावा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, सहा वर्षांच्या मुदतीत. बाकीचं फेडरल जिल्हा न्यायालयात. न्यायालय बढती योग्य होती का ते ठरवत नाही, बोर्डाचा निर्णय मनमानी होता का एवढंच पाहतं.

भारतात प्रादेशिक सेनेच्या अधिकाऱ्याचा असाच प्रश्न सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे जाऊ शकतो. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे न्यायिक सदस्य बसतो, आणि अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत यावं लागतं. अमेरिकी बोर्ड न्यायालय नाही, पण दार जास्त काळ उघडं ठेवतं. सुनावणीच्या दर्जात आमचं मत न्यायाधिकरणाकडे झुकतं, मुदतीच्या बाबतीत बोर्डाकडे.

हाती काय येतं

रिझर्व्हमधला थकबाकीचा आकडा लोक फुगवून धरतात. प्रत्येक ड्रिलला (नियमित सरावाच्या एका सत्राला) मासिक मूळ वेतनाचा तिसावा भाग मिळतो. वर्षाला ४८ ड्रिल म्हणजे १.६ महिन्यांचं वेतन. त्यात १५ दिवसांचं वार्षिक प्रशिक्षण धरलं तर अर्धा महिना आणखी. एकूण साधारण २.१ महिने. समजा, दोन हुद्द्यांच्या मूळ वेतनात महिना ६०० डॉलरचा फरक आहे आणि तारीख एका वर्षाने मागे गेली: हाती येणारे सुमारे १,२६० डॉलर, करापूर्वी. मधल्या काळात सक्रिय सेवेचे आदेश असतील तरच आकडा मोठा होतो. शिवाय कलम १४३०८ म्हणतं, की बढतीची तारीख मागे नेली म्हणून, कायद्याने खास परवानगी दिल्याशिवाय, जादा वेतन मिळत नाही. ती खास परवानगी म्हणजे बोर्डामार्फत कलम १५५२ खाली झालेली दुरुस्ती. म्हणूनच पगाराची मागणी अर्जात स्पष्ट लिहिणं गरजेचं.

खरी किंमत निवृत्तीच्या हुद्द्यात आहे. लेफ्टनंट कर्नल किंवा कर्नल म्हणून निवृत्त व्हायचं तर साधारणपणे त्या हुद्द्यावर तीन वर्षं समाधानकारक सेवा लागते. मेजर आणि त्याखालच्यांना सहा महिने पुरतात. ज्याची तीन वर्षं चार महिन्यांनी कमी पडत आहेत, त्याला तारीख चार महिने मागे जाणं म्हणजे साठीनंतर दरमहा मिळणाऱ्या निवृत्तिवेतनात फरक. अशा अर्जदाराने हा परिणाम निवेदनात आकड्यानिशी मांडावा, पण मागणीचा पाया म्हणून नव्हे. पाया म्हणून नोंदीतली चूकच ठेवावी.

मंजुरी आली की काम संपलं असं समजू नये. निकाल पदोन्नती शाखेकडे जातो, सुधारित आदेश निघतो, मग तो आयपर्म्समध्ये चढतो, आणि पगाराचा भाग इंडियानापोलिसमधल्या डीएफएएसकडे (संरक्षण खात्याच्या वेतन-लेखा संस्थेकडे) जातो. यातलं प्रत्येक टेबल वेगळं आहे आणि कोणी कोणाला आठवण करून देत नाही. निवड मंडळाची फाइल बंद होण्याआधी नवा आदेश तिथे दिसतोय ना, ते स्वतः उघडून पाहावं. डीएफएएसने पाठवलेला हिशेब आपल्या ड्रिलच्या हजेरीशी आणि सक्रिय सेवेच्या आदेशांशी ओळ न् ओळ ताडावा, आणि तो जुळल्यावरच पैसे घ्यावेत, कारण रक्कम स्वीकारली की त्या दाव्याची पूर्ण भरपाई झाली असं कायदा धरतो.